कुरणातले दूध आणि गोठ्यातले दूध

भोसरीहून चाकणकडे जाताना कारखान्यांच्या कुंपणालगत चरणाऱ्या चार-दोन गाई आजही दिसतात. त्यांना पाहून सहज प्रश्न पडतो : गवत फुकट मिळत असताना शेतकरी गाय दावणीला बांधून विकतची पेंड का घालतो?

दुधाच्या उत्पादनखर्चात वैरण व खुराक यांचा वाटा साधारणतः ६० ते ७० टक्के असतो. चरणारी गाय हा खर्च वाचवते. मात्र गावठी गाय दिवसाला दोन-तीन लिटरच दूध देते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने होल्स्टिन व जर्सी यांच्या संकराचा प्रसार केला. अशी संकरित गाय दहा लिटर दूध सहज देते. पण तिला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हणजे रोज सुमारे साडेपाच किलो खुराक लागतो, वैरण निराळीच! पेंड महागली आणि दुधाचा भाव पडला की सारा हिशेब कोलमडतो.

मग चराई स्वस्त नव्हे काय? न्यूझीलंडमध्ये आहे, कारण तिथे जवळजवळ वर्षभर हिरवे गवत असते. आपल्याकडे दिवाळीनंतर माळ पिवळे पडतात. शिवाय अर्थशास्त्रात ज्याला 'संधी-खर्च' म्हणतात, तो इथे आडवा येतो. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पट्ट्यात कारखाने आले, आणि चराईच्या दोन्ही 'फुकट' गोष्टींना किंमत आली. माळाला भूखंडाचा भाव आला आणि गुराख्याच्या दिवसाला कारखान्यातील रोजाचा. गवत तेच राहिले. महाग झाली ती त्याखालची जमीन.

याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. बागायतदार मका पेरून मुरघास करतो, मुक्तसंचार गोठा बांधून मजुरी वाचवतो. भूमिहीनाची एकुलती गाय मात्र गायरानावरच जगते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले, त्याचे मोल या गाईच्या धन्याला विचारावे.

तेव्हा मित्रहो, 'कुरण की गोठा' हा केवळ लिटरांचा प्रश्न नाही. ज्याच्यापाशी जमीन आहे, त्याने गोठ्याचा हिशेब जरूर मांडावा. ज्याच्यापाशी नाही, त्याच्यासाठी गायरान हेच भांडवल आहे. गायरान गेले तर त्याच्या दुधाचा उत्पादनखर्च वाढणार नाही. त्याच्या दारातली गायच जाईल.