फुग्यात हवा भरतं कोण?

वसईत एखाद्या ख्रिस्ती लग्नाला गेलात, तर ताटात फुगे येण्याची शक्यता फार. रबरी नव्हेत हं, खायचे फुगे! मैद्याचं आंबवलेलं सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून त्याचा लहानसा गोळा वर काढायचा आणि कढत तेलात सोडायचा. बघता बघता तो टम्म फुगतो. मोडून पाहिलात तर आत जाळीच जाळी.

आता सांगा, ही जाळी पाडली कुणी?

जुन्या स्वयंपाकघरात विचारलं असतंत तर उत्तर आलं असतं, ताडीनं. पीठ भिजवताना त्यात ताडी घालत. पहाटे ताडाच्या झाडावरून उतरवलेला रस म्हणजे नीरा. ती गोड असते, तुमच्यापैकी कित्येकांनी ती प्यायलीही असेल. पण ऊन चढू लागलं की तीच नीरा फसफसते, आंबते आणि तिची ताडी होते. मडक्यात मुद्दाम कुणी काही टाकलेलं नसतं! नीरा गोडच राहायला हवी असेल, तर मडक्याला आतून चुना फासतात. म्हणजे चुन्याला घाबरणारं कुणीतरी त्या रसात असणार, नाही का?

त्या ‘कुणीतरी’चा शोध ज्या देशात लागला, तिथे आपण आता जाऊ, आणि तेही थेट जेवायला. जर्मनीत गावोगावी ‘गास्टहाउस’ असतात. खाली खानावळ आणि बऱ्याच ठिकाणी वर प्रवाशांसाठी खोल्या. जाडजूड लाकडी टेबलं आणि लांब बाकं. गर्दी असली की अनोळखी माणसं एकाच टेबलाशी बसतात. फक्त आधी विचारायचं, जागा रिकामी आहे का? एक टेबल मात्र सोडून द्यायचं. ते गावातल्या रोजच्या मंडळींचं असतं, त्याला ‘श्टामटिश’ म्हणतात. आपल्याकडे बसल्या बसल्या पाण्याचा पेला पुढ्यात येतो, तसा तिथे येत नाही. पाणी मागवावं लागतं आणि ते बहुधा विकतचं, बुडबुड्यांचं असतं. मोठी माणसं बिअर मागवतात. मुलांसाठी असतं ‘आपफेलशोर्ले’, म्हणजे सफरचंदाच्या रसात बुडबुड्यांचं पाणी. मला विचाराल तर तेच जास्त छान लागतं.

आधी येतो ब्रेत्सेल. गाठ मारलेल्या दोरीच्या आकाराचा, तपकिरी, चकचकीत पाव, वर जाड मीठ. हा रंग कुठून आला? भट्टीत जाण्याआधी त्याला कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवतात. दचकू नका! भाजताना त्या सोड्याचं रूप बदलतं आणि पाव खायला सुरक्षित होतो. (घरी मात्र हे अजिबात करायचं नाही, कॉस्टिक सोड्यानं कातडी भाजते.) पिठातली प्रथिनं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जुळतात, तेव्हा खरपूस रंग आणि वास तयार होतो. फ्रान्सच्या मायार नावाच्या शास्त्रज्ञानं 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं. चुना, कॉस्टिक सोडा, आपला पापडखार अशा आम्लारीधर्मी पदार्थांच्या सोबतीनं ही क्रिया जोरात होते.

मग येते ताटली. सॉसेज, बटाटे आणि शेजारी वाफाळत्या आंबट कोबीचा ढीग. हा झाउअरक्राउट. चव घेतलीत तर वाटेल, यात व्हिनेगर किंवा लिंबू घातलंय. छे! यात फक्त कोबी आणि मीठ. मीठ कोबीतलं पाणी बाहेर ओढतं आणि कोबी सडवणाऱ्या जिवाणूंना थोपवतं. पानांवर आधीपासूनच बसलेल्या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना मात्र तेवढ्या मिठाचं काही वाटत नाही. ते कोबीतली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दुधाचं दही लावणारे याच कुळातले. असा कोबी महिनोन्‌महिने टिकतो आणि त्यात क जीवनसत्त्वही राहतं. ते न मिळाल्यानं लांबच्या सफरीत खलाशी आजारी पडत, म्हणून 1768 साली निघालेल्या इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावर तो भरभरून घेतला होता. खलाशी तोंड लावेनात. तेव्हा कुकनं तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले!

आता बिअरकडे वळू. प्यायला नाही, तिच्याबद्दलचा एक कायदा वाचायला. 1516 साली जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या ड्यूकांनी फर्मान काढलं, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्सची फुलं आणि पाणी असावं. यादी तिथेच संपली. आंबवण्याचं काम करणाऱ्या यीस्टचं नावही नाही! यीस्टशिवाय तर बिअर होतच नाही. पण हे काम कुणी जिवंत करतंय, हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं.

1837 साली बर्लिनमध्ये थेओडोर श्वान या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकातून आंबणारा रस पाहिला. त्याला गोल गोल कण दिसले आणि त्या कणांना कोंब फुटत होते. म्हणजे ते वाढत होते, जिवंत होते! त्यानं तसं जाहीर केलं आणि मग जे झालं ते वाचून मला आजही श्वानसाठी वाईट वाटतं. लीबिग आणि व्होलर हे त्या काळातले फार मोठे रसायनशास्त्रज्ञ. 1839 साली त्यांनी नाव न देता एक थट्टेचा लेख छापला. त्यात म्हटलं, यीस्ट म्हणजे चिमुकले प्राणी, साखर गिळतात आणि दुसऱ्या टोकानं दारू सोडतात! लोक हसले. पण श्वानचंच खरं होतं. ताडीतलं ते ‘कुणीतरी’ म्हणजे हेच यीस्ट. त्याचे कण साखर खातात, कार्बन डायऑक्साइड वायू आणि अल्कोहोल बाहेर टाकतात. तो वायू पिठात अडकला की जाळी पडते आणि तळताना पिठातल्या पाण्याची वाफ ती आणखी फुगवते.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञानं यीस्ट वाळूबरोबर खलून पेशी फोडल्या आणि नुसता रस पिळून काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले! एकही जिवंत पेशी नसताना! साखर फोडण्याचं काम पेशीच्या आतली रसायनं करत होती, त्यांना आपण आज विकरं म्हणतो. बुखनरनं हे 1897 साली छापलं आणि 1907 साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे यीस्ट जिवंत हे श्वानचं म्हणणं खरं आणि आंबणं ही रासायनिक क्रिया हेही खरं. ताडीच्या मडक्यात आणि जर्मनीतल्या बिअरच्या पिंपात हीच विकरं राबतात.

आता तुमची पाळी. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या. अर्धा किलो कोबी बारीक चिरा, त्यात 10 ग्रॅम मीठ घालून पाणी सुटेपर्यंत हातानं चांगला चुरा. दोन स्वच्छ बरण्यांत निम्मा निम्मा दाबून भरा. कोबी स्वतःच्या पाण्याखाली बुडालेलाच राहायला हवा. झाकण सैल ठेवा, नाहीतर आत वायू कोंडेल. एक बरणी ओट्यावर, दुसरी फ्रिजमध्ये. बुरशी दिसली किंवा घाण वास आला तर चव न घेता टाकून द्या. जर्मनीतल्या थंड तळघरात कोबी मुरायला काही आठवडे लागतात, वसई-विरारच्या उकाड्यात तो बराच लवकर आंबट होईल. बुडबुडे कोणत्या बरणीत आधी आले, कोणत्या दिवशी आले, ते रोज वहीत टिपा आणि आम्हाला नक्की कळवा.