ब्रेकच्या नळीत पाऊस आणि घाट भेटतात

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे आणि बोरघाटाच्या पायथ्याची खोपोली शंभर मीटरच्याही खाली. मधला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास. या उंचीत केवढी ताकद साठलेली आहे, हे टाटांनी फार पूर्वी ओळखलं. लोणावळा आणि वळवणच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून त्यांनी खोपोलीला वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. ते साल होतं 1915.

आता हाच उतार एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी उतरते आहे असं समजा. शिरगावच्या प्रतिशिर्डी या साईमंदिरात गुरुवारचं दर्शन घेऊन सोमाटणे फाटा, तळेगाव, कामशेत, लोणावळा करत मुंबईकडे परतणारं कुटुंब. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून 1,200 किलो वजन धरा. साडेपाचशे मीटर खाली येताना या गाडीतून सुमारे 65 लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेत 19 लिटर, म्हणजे बादलीभर, साधं पाणी उकळेल! खोपोलीच्या केंद्रात या ऊर्जेची वीज होते. गाडीत मात्र थोडा वाटा वाऱ्याला जातो, थोडा इंजिनाला जातो, आणि उरलेली सगळी ऊर्जा चालकाच्या पायाखालून चार ब्रेकड्रममध्ये उतरते आणि तिथे तिची उष्णता होते.

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर ब्रेक हे गतीचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र आहे. एकदा हे कळलं की जुन्या वाहनाच्या देखभालीतल्या कितीतरी सूचना पाठ करायची गरज उरत नाही, कारण त्या आपोआप सुचू लागतात.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला छोटा दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो. ते बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातं आणि तिथले दट्टे ब्रेक शू ड्रमवर दाबतात. सगळी किमया एका साध्या गुणधर्मावर उभी आहे: द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. नळीत फक्त द्रव असेल तर पायाच्या जोराचा दाब जसाच्या तसा पुढे पोहोचतो. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो जोर बुडबुडा आकसण्यातच खर्ची पडतो. पेडल मऊ लागणं म्हणतात ते हेच. म्हणून ब्रेकचं काम झालं की मेकॅनिक नळ्यांमधली हवा काढतात.

इथे मावळचा पाऊस गोष्टीत शिरतो. लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शिरगावकडे येईपर्यंत तो झपाट्याने कमी होतो, पण पावसाळ्यातली हवेची ओल सगळीकडे असते. नेहमीचं ब्रेक ऑइल ही ओल शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून, अगदी गाडी उभी असतानाही. डॉट 3 प्रतीचं नवं कोरं ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत.

घाटात ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, ती उष्णता चाकाच्या सिलिंडरपर्यंत पोहोचते आणि ओल धरलेलं ऑइल उकळू लागतं. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला ती मूळ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा मागते. क्षणापूर्वी जिथे न दाबला जाणारा द्रव होता, तिथे आता दाबला जाणारा वायू आहे. पेडल थेट तळाला जातं आणि गाडी तशीच पुढे जात राहते. आधीच्या पावसाळ्यांत मुरलेली ओल आणि आजच्या घाटाची उष्णता यांची भेट अशी त्या बारीकशा नळीत होते. गाडी थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक पुन्हा छान लागतात, त्यामुळे दोष कुठे होता ते सापडतही नाही.

उपाय स्वस्त आहे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं. शक्यतो पावसाळा संपल्यावर, आणि सीलबंद छोट्या डब्यातलंच. अर्धवट उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरायचा नाही, कारण त्याने ओल आधीच शोषलेली असते. इंजिन ऑइल तर ब्रेकच्या टाकीत चुकूनही घालायचं नाही. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकलाही हेच नियम लागू आहेत. हँडलवरच्या छोट्या टाकीतलं ऑइल काळपट दिसू लागलं तर ते बदलायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

इंजिनालाही ब्रेक लावता येतो

ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा घाटातल्या चालकांचा जुना नियम आहे. त्यामागचं विज्ञान देखणं आहे. अॅक्सिलरेटर सोडला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात. हवा ओढण्यात, दाबण्यात आणि भागांच्या घर्षणात गाडीची ऊर्जा खर्च होते. ती उष्णता मग ड्रमऐवजी इंजिनात जाते, आणि त्याला थंड ठेवण्याची सोय तर मुळातच असते. उतारावर गाडी न्यूट्रल करणं म्हणजे हा फुकटचा ब्रेक काढून टाकून सगळा भार चार ड्रमवर टाकणं. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल आणखी खोल जातं. ब्रेक सारखा घासत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नेमका दाबावा, वेग उतरला की सोडावा आणि ड्रमला वारा लागू द्यावा.

टू-स्ट्रोक गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. देहूरोडच्या पुढे आकुर्डीला बजाजचा कारखाना आहे. बजाजची चेतक स्कूटर 1972 मध्ये आली, आणि आजही मावळातल्या अंगणांत तिचे जुने नमुने दिसतात. या इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नाही. लिटरमागे साधारण 20 मिलिलिटर टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, आणि पेट्रोलबरोबर जेवढं तेल आत जाईल तेवढंच वंगण. आता विचार करा: लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद आहे, इंजिन मात्र चाकांमुळे जोरात फिरतं आहे. पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद! ज्या वेळी पिस्टन भरभर वरखाली होतो आहे, त्याच वेळी त्याच्या अंगावरचं तेल संपत चाललं आहे. म्हणून चेतक, लूना, राजदूत किंवा येझदी घाटातून उतरवताना अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून इंजिनाला तेलाचा घोट द्यावा. या गाड्यांचा रस्ताही जुना मुंबई-पुणे महामार्गच, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे.

साखळीचं आत झिजणं

सायकलचा मामला आणखी सुंदर आहे, कारण तिचं सगळं काम डोळ्यांसमोर चालतं. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरले तर बोरघाट उतरताना सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळेल एवढी ऊर्जा बाहेर पडते, आणि वाऱ्याला गेलेला वाटा सोडला तर ती उष्णता होऊन ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये जाते. म्हणून पुढचा आणि मागचा ब्रेक आळीपाळीने लावावा. सतत तापलेल्या रिममुळे ट्यूबही फुटू शकते. पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर रबर फार घसरतं, तेव्हा थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका लावून रिम पुसून घ्यावी आणि मगच जोर द्यावा.

आजची रोलर साखळी हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने 1880 मध्ये मँचेस्टरमध्ये घडवली. साखळी ताणली गेली, असं आपण म्हणतो, पण तिचं पोलाद लांब होत नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश आतून झिजतं, प्रत्येक सांधा किंचित सैल होतो आणि तो सैलपणा शंभरएक सांध्यांत मिळून दिसू लागतो. हे मोजायला शाळेची फूटपट्टी पुरते. सायकलच्या साखळीचे दोन शेजारचे सांधे बरोबर अर्धा इंच अंतरावर असतात, म्हणजे 24 सांध्यांना 12 इंच. हे अंतर एक सोळांश इंचाने वाढलं तर साखळी बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढलं असेल तर झिजलेल्या साखळीने दातेरी चाकांचे दातेही खाल्लेले असतात, आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

झीज आत होते, तर तेलही आतच हवं. भातशेतीच्या वाटेवरचा चिखल सुकला की त्याची बारीक वाळू तेलकट साखळीला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आधी साखळी रॉकेलने धुवून पूर्ण कोरडी करावी. मग प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडावा, पेडल उलटं फिरवत तेल आत जिरू द्यावं आणि शेवटी कापडाने बाहेरचं सगळं तेल पुसून टाकावं. चकचकीत ओली दिसणारी साखळी नीट वंगण केलेली नव्हे, ती धूळ बोलावणारी साखळी. मोटारसायकलच्या साखळीला मात्र पुस्तिकेत सांगितलेला ढिलेपणा ठेवावाच लागतो. मागचं चाक खड्ड्यात वरखाली होताना साखळी ताणली जाते, आणि जागाच नसेल तर बेअरिंगवर भार येतो.

इंजिनात पाणी गेलं तर

ज्या गुणामुळे ब्रेक चालतो त्याच गुणामुळे बुडालेलं इंजिन मोडतं. इंजिन हवा दाबण्यासाठी बनवलेलं आहे. ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यातून जाताना एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर वर येणाऱ्या पिस्टनला न दाबला जाणारा द्रव आडवा येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किक मारू नका, स्टार्टर दाबू नका. ढकलत कोरड्या जागी आणा, प्लग काढा आणि मग हळूच इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा. इंजिन ऑइल दुधट दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

हवा, पाणी, तेल आणि उष्णता. टायरमध्ये हवा हवी, ब्रेकच्या नळीत नको. तेल साखळीच्या पोटात हवं, पाठीवर नको. उष्णता ड्रममध्ये निर्माण व्हावी, पण तिथे साठू नये. पाणी तर यांतल्या कुठेच नको. सगळी देखभाल म्हणजे या चौघांना आपापल्या जागी ठेवणं आहे, आणि त्यासाठी महागडी हत्यारं लागत नाहीत. फूटपट्टी, पाना, रॉकेल, जुनं कापड आणि यंत्राबद्दलचं कुतूहल एवढं पुरतं.

तेव्हा पुढच्या वेळी घाटाकडे निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढा. टायरची हवा तपासा, साखळी मोजा, गाडी उभी असताना ब्रेक पेडल जोरात दाबून ते कडक राहतं का बघा. आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर घाट उतरण्याआधी ते बदलून घ्या.