बाळाच्या अंगावरचे पुरळ : ट्यूब लावण्याआधी एवढे पाहा



मार्च लागला की बारामती-इंदापूर भागात पत्र्याची घरे दुपारी बारालाच भट्टीसारखी तापतात. मग आयाबाया विचारू लागतात, "बाळाच्या अंगावर बारीक बारीक उठलंय, काय लावू?" बहुतेक वेळा विचारेपर्यंत काहीतरी लावून झालेले असते. शेजारणीने दिलेली ट्यूब, मेडिकलमधून आणलेली ट्यूब, नाहीतर घरच्या कुणाच्या नायट्याची उरलेली ट्यूब. म्हणून आधी पुरळ कोणते ते ओळखायला शिकू.

एक गोष्ट सुरुवातीलाच. पुस्तकांत पुरळ 'लालभडक' असते. सावळ्या बाळाच्या अंगावर ते लाल दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसते. त्यामुळे डोळ्यांबरोबर हातही वापरा. कातडी खरखरीत लागते का, गरम लागते का, ते बोटांनी पाहा. उजेडात, दाराशी घेऊन पाहा.

जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर डाग उठतात आणि मधोमध पिवळसर टिपका दिसतो. बाळ नीट पीत असेल तर काही करू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. ढुंगणावरचा निळसर डाग मार लागल्याचा नसतो, तो जन्मजात असतो आणि वय वाढेल तसा पुसट होतो.

घामोळे मानेच्या वळ्यांत, पाठीवर, काखेत येते. घामाची बारीक छिद्रे बुजली की घाम आतच अडकतो. उन्हाळ्यातही बाळाला कुंची, झबले, वर दुपटे घालून गुंडाळायची आपली सवय इथे नडते. साध्या पाण्याने अंग पुसा, एक सुती झबले घाला, झोळी पत्र्याखालून काढून वाऱ्याच्या जागी बांधा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. पावडर नको. ती वळ्यांत साचते आणि तिची धूळ बाळाच्या छातीत जाते. खोबरेल तेलात कापूर घालून तर मुळीच लावू नका. लहान बाळाला कापराने झटके येऊ शकतात.

लंगोटाच्या जागेचे पुरळ ओलाव्यामुळे होते. डायपर महाग म्हणून तो दिवसभर ठेवला जातो, हे आम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा जुन्या मऊ लुगड्याचे बाळुते बरे, ओले झाले की लगेच बदलता येते. शी पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, रोज थोडा वेळ उघडे ठेवा. मेडिकलमध्ये झिंक ऑक्साइडचे साधे मलम मिळते, ते जाडसर लावा. पण जांघेच्या घडीतही लाली असेल, कडेला सुटे ठिपके असतील, तोंडात पुसून न निघणारा पांढरा थर असेल, तर ती बुरशी आहे. तिला डॉक्टरांचे वेगळे औषध लागते.

आता खरूज. हिच्याबद्दल लोक बोलायलाच लाजतात. दवाखान्यात "घाण राहता" असे ऐकावे लागेल या भीतीने काही आया बाळाला नेतच नाहीत. खरूज घाणीतून होत नाही. कातडीत बीळ करणाऱ्या बारीक किड्यामुळे ती होते आणि अंगाला अंग लागून पसरते. एका खोलीत सहा माणसे झोपली तर रोज अंघोळ करणाऱ्यालाही होणार. ऊसतोडीच्या कोप्यांवर असो की शहरातल्या वस्तीत, कारण दाटीचे आहे.

मोठ्यांना बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज येते. बाळाला तळहात, तळपाय, डोके, तोंडावरही पुटकुळ्या येतात, आणि रात्री ते रडून घर जागे ठेवते. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खूण पक्की समजा. औषध पर्मेथ्रिन ५ टक्के. दोन महिन्यांच्या पुढच्या बाळाला डॉक्टर सांगतील तसे ते डोक्यापासून तळपायापर्यंत रात्री लावायचे, डोळे-तोंड सोडून, आणि हातांना मोजे घालायचे म्हणजे बाळ बोटे चोखणार नाही. सकाळी धुवायचे, सात दिवसांनी पुन्हा लावायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी औषध डॉक्टरच ठरवतील.

औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, खाज नसलेल्यांनीही. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला महिना-दीड महिना लागतो. तोवर किडा अंगावर असतोच, म्हणून सासूबाई "मला काही नाही" म्हणाल्या तरी त्यांनाही लावा. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, म्हणून रोज रोज औषध चोपडू नका.

त्या ट्यूबकडे वळू. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून 'गुणकारी' वाटते. पण बुरशी असेल तर ती आत वाढत जाते, खरूज असेल तर लपून राहते. बाळाची कातडी पातळ पडते, लंगोटाखाली तर औषध रक्तातही उतरते. एक्झिमासारख्या आजारात डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मोजून देतात, ते वेगळे. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो ते तुम्ही पाहताच.

ताप, खोकला, लाल डोळे आणि चेहऱ्यावरून खाली उतरणारे पुरळ म्हणजे गोवर. याला अजूनही कुणी 'देवी आल्या' म्हणते आणि औषध थांबवते. खरा देवीचा रोग भारतातून गेल्याचे १९७७ सालीच जाहीर झाले, आणि तोही लसीने गेला. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत मोफत मिळते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, पू भरलेल्या पुटकुळ्या, दूध न ओढणे, सुस्ती. किंवा कोणत्याही वयात काचेचा पेला दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापूरलाही सरकारी रुग्णालय आहे. एरवी आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाचे झबले काढून सगळे अंग त्यांना दाखवा. आणि दवाखान्यात जाताना आधी लावलेली ट्यूब पिशवीत टाका. डॉक्टरांनी ती पाहिली की अर्धे काम होते.