पगार नसलेल्या बाईंची शाळा

झांबियाची राजधानी लुसाका. शहराच्या मध्यभागापासून दक्षिणेला, चुनखडीच्या जुन्या खाणींच्या कडेला मिसिसी ही गरिबांची वस्ती आहे. पावसाळ्यात इथं पाणी तुंबतं आणि मागोमाग कॉलऱ्याची भीती येते. फी नाही, गणवेशाची सक्ती नाही, अशी एक शाळा 1992 साली या वस्तीत सुरू झाली. झांबियातल्या सामुदायिक शाळांची गोष्ट इथून सांगितली जाते.

1964 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाचा सगळा डोलारा तांब्यावर उभा होता. सत्तरच्या दशकात तांब्याचे भाव कोसळले, कर्ज वाढत गेलं. सावकार संस्थांच्या अटी पाळताना सरकारनं खर्चाला कात्री लावली आणि शाळेचा भार पालकांवर आला. त्यातच एड्सनं गाठलं. 2001-02 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या जवळपास 16 टक्के लोकांना एचआयव्हीची लागण आढळली. आईबाप गेले आणि मुलं आजीच्या पदरात पडली. बाजारात टोमॅटोचे वाटे लावून घर चालवणाऱ्या आजीनं चार-पाच नातवंडांची फी कुठून आणावी?

2002 मध्ये सरकारनं पहिली ते सातवीची फी रद्द केली. तरी वह्या, बूट आणि खेड्यापाड्यांत शाळेचं अंतर हे प्रश्न राहिलेच. त्यामुळे सामुदायिक शाळा वाढतच गेल्या. 1996 च्या सुमारास काही डझन असलेल्या या शाळा पुढच्या दशकभरात दोन हजारांवर गेल्या. कुठे चर्चची खोली, कुठे गवती छप्पर, कुठे नुसतंच झाड. कारभार पालकांच्या समितीकडे. उशिरा शाळेत आलेल्या 9 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी सात इयत्तांचा अभ्यास चार वर्षांत बसवणारा ‘स्पार्क’ नावाचा अभ्यासक्रमही तयार झाला.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रेडिओचा प्रयोग. 2000 मध्ये ‘लर्निंग अॅट टाओंगा मार्केट’ हे धडे सुरू झाले. रोज अर्धा तास. वीज नाही, म्हणून हँडल फिरवून चालणारे रेडिओही वाटले गेले. रेडिओवरच्या बाई प्रश्न विचारतात आणि थांबतात. त्या थांबलेल्या क्षणांत मुलं एका सुरात उत्तर देतात, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो, गाणं लागतं, मुलं उठून टाळ्या वाजवतात. फळ्यापाशी वस्तीतलीच कुणी लिहितावाचता येणारी व्यक्ती उभी असते. अध्यापनाची पदविका तिच्याकडे नसते. हे धडे ऐकता ऐकता मुलांबरोबर तीही शिकवायला शिकते.

या साऱ्याचा कणा म्हणजे ही व्यक्ती, आणि नेमकी तीच बिनपगारी. महिन्याकाठी पालकांनी जमवलेले थोडे पैसे, कधी मक्याचं पीठ, कधी काहीच नाही. देणगीदारांना भिंत बांधायला आवडतं. भिंतीवर नाव कोरता येतं, उद्घाटनाचा फोटो निघतो. शिक्षकाचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं आणि त्याचा फोटो निघत नाही. मग मका पेरणीच्या दिवसांत बाई शेतावर जातात आणि नवी कोरी खोली रिकामी राहते. महाराष्ट्रात वस्तीशाळांवरच्या निमशिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर काढलेली वर्षं ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

परदेशी मदतीवर मानधन चालवणं हाही कायमचा उपाय नाही. झांबियाच्या रेडिओ-धड्यांना यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा मोठा आधार होता. 2025 मध्ये अमेरिकेनं ती संस्थाच गुंडाळली. ही जबाबदारी शेवटी सरकारचीच आहे आणि झांबियानं त्या दिशेनं पावलंही टाकली आहेत. 2011 च्या शिक्षण कायद्यानं सामुदायिक शाळांना मान्यता दिली. 2022 पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झालं आणि त्याच वर्षी 30 हजारांवर शिक्षकांची भरती झाली. अनेक सामुदायिक शाळा सरकारनं आपल्याकडे घेतल्या आहेत.

अशा वेळी जुन्या बाईंचं काय होतं? सरकारी पदासाठी अध्यापनाची पात्रता आणि शिक्षक परिषदेकडची नोंदणी लागते. दहा-पंधरा वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईकडे दोन्ही नसेल, तर तिनं उभ्या केलेल्या शाळेत तिलाच जागा उरत नाही. बाहेरून मदत करू पाहणाऱ्यांनी आधी इथं हातभार लावावा, असं मला मनापासून वाटतं. सुट्टीत आणि टपालानं पुरी करता येईल अशा पदविकेचा खर्च, त्या काळातलं मानधन, नोंदणीचं शुल्क, आणि बाई परीक्षेला गेल्या की वर्गावर उभं राहील असं दुसरं माणूस.