पदकाची कड आधी, कागद नंतर

पहिल्या महायुद्धातले पदक विकायला आले की हल्ली सोबत बहुधा एक देखणा कागद असतो. सोनेरी चौकट, लाल मोहोर, खाली ऐटदार सही आणि 'वस्तू अस्सल असल्याचे प्रमाणित करण्यात येते' अशी ओळ. नवखा संग्राहक आधी कागद वाचतो, मग पदकाकडे वळतो. पण असा कागद द्यायला ना परवाना लागतो, ना परीक्षा. घरच्या प्रिंटरवरही तो निघतो. त्यामुळे तपासाची सुरुवात पदकापासून करावी. मराठा पलटणीतल्या एखाद्या शिपायाचा संच समोर आहे असे धरू.

अशा संचात '१९१४-१५ स्टार', 'ब्रिटिश वॉर मेडल' आणि 'व्हिक्टरी मेडल' अशी तीन पदके असू शकतात. शेवटच्या दोन्हींच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. स्टारवर हाच मजकूर पाठीमागे असतो. वॉर मेडल चांदीचे, व्यास ३६ मिलिमीटर. कोणी जुने नाव घासून त्या जागी नवे कोरले असेल तर घासण्यात धातू जातो आणि कॅलिपर लावला की व्यास कमी भरतो. अक्षरांची ढब त्याच पलटणीच्या इतर पदकांशी जुळते का, तेही पाहावे. एवढ्याने निम्मी शंका फिटते, आणि यातल्या कशालाच प्रमाणपत्र लागत नाही.

मग कागदावरची हकिकत तपासायची. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश-भारतीय फौजेने शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात अडकल्या होत्या. स्टार मिळे तो १९१५ संपण्यापूर्वी रणक्षेत्रावर पोचलेल्यांना. कागद म्हणत असेल 'कुतच्या वेढ्यातला शिपाई' आणि पुढच्याच ओळीत 'भरती १९१७', तर कागद लिहिणाऱ्याने इतिहास उघडून पाहिलेला नाही. नुसत्या नावावर तर मुळीच विसंबू नये. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. माणूस ओळखायचा तो क्रमांकावरून.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पदक खरे आहे का, हा एक. ते याच माणसाचे होते का, हा दुसरा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मोहिमेची पदके नाव न घालता दिली गेली, भारतीय सैनिकांना मात्र नावासकट. त्यामुळे एखाद्या ब्रिटिश सैनिकाच्या बिननावी पदकासोबत 'अमक्या रणधुरंधराचे' असे लिहिलेले प्रमाणपत्र आले, तर पदक सोळा आणे खरे असूनही कथा हवेतच राहते. तिला आधार हवा तो कुटुंबातल्या पत्रांचा, सेवापुस्तिकेचा, जुन्या लिलावातल्या नोंदीचा. १९७९-८० मध्ये चांदीचे भाव भडकले तेव्हा असंख्य वॉर मेडल्स वितळवली गेली आणि संच फुटले. म्हणून संच मूळचा एकत्र आहे की नंतर जुळवलेला, हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे. चांगला विक्रेता ते लपवत नाही.

सही कोणाची, हा प्रश्न सर्वांत नाजूक. अमेरिकेत 'अँटिक्स रोड शो' या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात १९९७ साली यादवी युद्धातल्या एका तलवारीची पारख दाखवली गेली. मालक सांगत होता की लहानपणी हिने आम्ही कलिंगडे कापायचो. पुढे उघड झाले की तो सगळा देखावा आधीच ठरवलेला होता. तिथल्याच एका पारख्याने गेटिसबर्गच्या लढाईने प्रसिद्ध झालेल्या जनरल पिकेटच्या वंशजाकडून त्याच्या वस्तू सुमारे ८८ हजार डॉलरला घेतल्या आणि एका संग्रहालयाला आठ लाखांहून अधिक डॉलरला विकल्या. प्रकरण तुरुंगापर्यंत गेले. गंमत अशी की वस्तू खऱ्याच होत्या! खोटे निघाले ते मूल्यांकन, कारण पारखणारा आणि विकत घेणारा एकच होता. तेव्हा सही करणाऱ्याचा या व्यवहारात पैसा गुंतला आहे का, हे आधी विचारावे.

उपयोगी प्रमाणपत्र दिसायला साधे असते. त्यात त्याच वस्तूची छायाचित्रे, कडेचीसुद्धा, वजन-मापे, कडेवरचा मजकूर जसाच्या तसा, तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख, आणि चूक निघाल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी असते. छायाचित्र नसलेले प्रमाणपत्र दुसऱ्या कुठल्याही पदकाला चिकटवता येते. सोबत जुनी पत्रे असतील तर ती अतिनील दिव्याखाली धरावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात उजळपणा आणणारी रसायने सर्रास मिसळू लागली, आणि तसा कागद या दिव्याखाली निळसर चमकतो. १९१९ चे म्हणून दिलेले पत्र चमकले, तर पुढची बोलणी तिथेच थांबवावीत.

आपल्याकडे आणखी एक कागद लागू शकतो. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेतलेले पदक लंडनच्या लिलावात पाठवायचा बेत असेल, तर विक्रेत्याचे प्रमाणपत्र कस्टममध्ये कामाला येत नाही. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा, वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला लागतो. आणि शंभरी ओलांडलेल्या पदकाला तो मिळणार नाही.