उंबरठ्याच्या आतली जबाबदारी

नेमणुकीचा आदेश हाती पडला, की नवशिक्षकाला सुटल्यासारखे वाटते. पात्रता परीक्षा आणि भरतीची दीर्घ प्रतीक्षा मागे पडलेली असते. वस्तुतः खरी परीक्षा पुढेच असते आणि तिचे परीक्षक असतात वर्गातली तीस-चाळीस मुले.

कोल्हापुरात शिक्षक होणाऱ्याने एक इतिहास स्मरणात ठेवावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंडही ठेवला. पुढे २००९ साली संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला. परंतु कायद्याची मजल शाळेच्या उंबरठ्यापर्यंतच. आत आलेले मूल शिकते की नुसते बसून राहते, हे शिक्षकाच्या हाती असते.

अध्यापनाच्या पहिल्या वर्षी मी मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त मोठ्या तयारीने शिकवला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जवळ येऊन म्हणाला, ‘‘सर, मग आमच्या उसाचा दर आम्ही का ठरवत नाही?’’ माझ्या टिपणांत त्याचे उत्तर नव्हते. मी वेळ मारून नेली. घरी परतताना लक्षात आले, की तासभर मी पुस्तकाशीच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नापासून आरंभ केला, तेव्हा वर्गाने प्रथमच माना वर केल्या.

म्हणून नवशिक्षकांना पहिली विनंती अशी, की मुलाच्या अनुभवापासून धडा सुरू करावा. दुधाचे माप, आठवडी बाजाराचा हिशेब यांत पुष्कळ गणित दडलेले असते. दुसरी विनंती वह्यांविषयी. सत्तावीस अधिक पंधरा यांची बेरीज एक मूल ३२ लिहिते, दुसरे ३१२. तांबडी फुली दोघांनाही सारखीच मिळते. पण पहिले केवळ हातचा विसरले आहे. दुसऱ्याला एकक-दशकच उमगलेले नाही. ही चूक वाचता येणे हे अध्यापनाचे अर्धे कौशल्य होय.

तिसरी गोष्ट हंगामाची. गळीत सुरू झाले, की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची मुले आपल्या गावांत येतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांना पाहुणे समजून शेवटच्या बाकावर बसवू नये. चार महिन्यांत एखादे मूल वाचू लागले, तर त्या वर्षाचे सार्थक झाले.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक असल्याने पैशाचा विषय टाळणे मला शोभणार नाही. नव्या शिक्षकाला प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबावे लागते. २०२३ साली प्राथमिक शाळेतील हे मानधन दरमहा ६,००० वरून १६,००० रुपये झाले, तरी एवढ्यात घरभाडे भरून संसार चालवणे किती अवघड, हे सांगायला नको. ही तक्रार रास्त आहे. ती संघटनेमार्फत निर्भयपणे मांडावी. मात्र तिची वसुली मुलांकडून करू नये. ‘सोळा हजारांत एवढेच’ असे एकदा मनाने घेतले, की पूर्ण वेतन सुरू झाल्यावरही हात तेवढाच चालतो. या तीन वर्षांत जडलेली सवय निवृत्तीपर्यंत सोबत राहते, मग ती चांगली असो वा वाईट.