परतफेड

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी एम.बी.ए. झालेलं आहे का? असेल, तर त्या दोन वर्षांचा खर्च तुम्हाला मी सांगायला नको! माझी भाची दोन वर्षांपूर्वी एम.बी.ए. झाली आणि थोरल्या बहिणीने साताऱ्याहून तिला माझ्याकडे मुलुंडला धाडली. सकाळी डबा घेऊन ती लोकलने घाटकोपर गाठते, तिथून मेट्रोने अंधेरी. पगार चांगला आहे, पण त्यातला मोठा घास शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता खातो.

एका रविवारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मावशी, बँकेची परतफेड पाच वर्षांत होईल. पण शाळा सुटल्यावर थांबून आमच्या बाईंनी स्कॉलरशिपची गणितं करून घेतली, त्याचं काय? त्याचं तर हप्त्याचं पुस्तकसुद्धा नाही."

मी म्हटलं, "आधी बँकेचं फेड बाई, मग जगाचं बघ." आपण सगळ्याजणी असंच म्हणतो, नाही का?

तेवढ्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई दारात आल्या. उचल हवी होती. ही त्या वर्षातली तिसरी खेप. मी नेहमीप्रमाणे पाचशे रुपये काढून दिले, वर एक जुनी साडी. भाचीने मात्र त्यांना बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "मावशी, कुणाचं देणं आहे का?"

वीस हजारांचं होतं. मुलाच्या आजारपणात वस्तीतल्या सावकाराकडून घेतलेलं, महिन्याला शेकडा दहाने. म्हणजे दरमहा दोन हजार नुसतं व्याज! चौदा महिन्यांत अठ्ठावीस हजार भरून झाले होते आणि मुद्दल वीस हजार जसंच्या तसं उभं.

खरं सांगू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बी.ए. झालेली, अर्धा वेळ शाळेत शिकवते. म गुणिले द गुणिले क, भागिले शंभर! सरळव्याजाचं हे सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि माझ्याच मोरीत नऊ वर्षं भांडी घासणाऱ्या बाईला मी कधी "दर काय?" म्हणून विचारलं नव्हतं.

भाची उत्साहाने कागद-पेन्सिल घेऊन व्याज समजवायला बसली. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, हिशेब मला ठाऊक आहे. दुसरा देणारा कोण होता, ते सांगा."

भाची गप्प झाली. रात्री म्हणाली, "मावशी, मी त्यांना शिकवायला निघाले होते!"

तेव्हा मी तिला तिच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. चेतना सिन्हा मुंबईत वाढल्या, अर्थशास्त्र शिकल्या आणि लग्नानंतर माण तालुक्यातल्या म्हसवडला राहायला गेल्या. रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना रोजचे थोडे पैसे साठवायचे होते, पण कुठलीच बँक खातं उघडेना. म्हणून बायकांचीच बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासदांतल्या पुष्कळजणी अंगठा उठवणाऱ्या. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुठल्याही रकमेचं व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय सांगता येतं का बघा, असं त्यांनी सुनावलं! 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे 2006 मध्ये गावच्या बायकांना धंदा शिकवणारी शाळाही निघाली. त्या बायकांना हिशेब येतच होता. अडलं होतं ते पतीपाशी. नवऱ्यापाशी नव्हे हं, बँकेतल्या पतीपाशी!

ही पत आपल्यापाशी असते. आपण बँकेत गेलो, तर साहेब "बसा" म्हणतात. भाचीने तीच कामी आणली. बाईंच्या वस्तीत महिलांचा बचत गट होता, पण "आपल्याला कोण घेणार?" म्हणून त्या गेल्याच नव्हत्या. भाची दोन शनिवार त्यांच्याबरोबर गेली, शेजारी बसली. सहा महिने बाईंनी गटात बचत भरली, मग वीस हजार मिळाले, महिन्याला शेकडा दोनने आणि तेही उरलेल्या मुद्दलावर. सावकार सुटला. आता बघा गंमत: बाई महिन्याला तेच दोन हजार भरतात, पण त्यातले पहिल्या महिन्यात चारशेच व्याजाचे, बाकीचे सोळाशे मुद्दलात. बाराव्या हप्त्याला कर्ज फिटणार! चार हप्ते झालेसुद्धा.

इकडे साताऱ्याहून बहिणीचा फोन. "ही नोकरी सोडणार की काय?" तिची काळजी खोटी नाही. 1993 साली अहमदाबादच्या आयआयएममधून बाहेर पडलेल्या वेंकट कृष्णन यांनी बड्या नोकऱ्या सोडून 'गिव्ह इंडिया' उभी केलीच की. पण भाची म्हणाली, "आई, हप्ता मी चुकवणार नाही. नोकरीही सोडत नाही. फक्त महिन्यातले दोन शनिवार वस्तीतल्या बायकांचे." बहिणीला हे पुरतं पटलेलं नाही. बघू या!

आणि आपण? आपली मुलं शाळेत गेल्यावर मिळणारे दोन तास आहेत, सही आहे, अर्ज वाचायची सवय आहे. तेव्हा पुढच्या वेळी बाईंनी उचल मागितली, तर पैसे जरूर द्या, पण त्यांना घटकाभर बसवून तीन गोष्टी विचारा. देणं कुणाचं? व्याज महिन्याचं की वर्षाचं? आणि भरलेल्यातलं मुद्दलात किती जातं? मग म्हणा, "चला, मी येते बरोबर." जुनी साडी नंतर दिली तरी चालेल.